बिस्किटाच्या डब्यापासून ड्रमसेटपर्यंत

आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. आठवीत असताना त्याला टीबी झाला आणि चार-पाच महिने तो शाळेत आलाच नाही. औषधाने बरा होऊन परत आला तेव्हा बाकीची मुले खूप पुढे निघून गेली होती. फळ्यावर काय चालले आहे ते त्याला कळत नसे आणि विचारायची लाज वाटे. मग त्याची बोटे बाकावर वाजू लागत. रमजानमध्ये सहरीला जागवणाऱ्यांच्या डफाचा ठेका, लग्नाच्या बँडचा ठेका, एकदा ऐकले की त्याच्या बोटांत उतरायचे. आम्ही त्याला दोन-तीनदा वर्गाबाहेर उभे केले. नववीत त्याने शाळा सोडली. आम्ही त्याच्या घरी एकदा जाऊन आलो. त्याचे अब्बा म्हणाले, "आता त्याचं मन लागत नाही, काय करणार?" आम्ही मान हलवून परतलो आणि पुन्हा गेलो नाही.

पुढे काही वर्षांनी रिंगो स्टार या इंग्रज ड्रमरची जीवनकथा आमच्या वाचनात आली आणि तो शेवटचा बाक आठवला. आजारपणात शाळा बुडालेले मूल, बेचैन बोटे, हातावर पोट असलेले घर, सगळे ओळखीचे होते. फरक एवढाच, की त्या मुलाचा ठेका कुणीतरी ऐकून घेतला.

गाण्या-बजावण्याबद्दल आपल्या घरांत एकमत नाही, हे आम्ही जाणतो. उलेमांमध्येही याबाबत वेगवेगळी मते आहेत. त्या चर्चेत हा लेख जात नाही. ज्यांच्या घरी वाद्य चालत नाही त्यांनीही ही हकीकत वाचावी, कारण ती वाद्याइतकीच मुलांची, आईबापांची आणि आम्हा शिक्षकांची आहे.

दोनदा मरणाच्या दारातून

रिंगोचे खरे नाव रिचर्ड स्टार्की. घरी सगळे त्याला रिची म्हणत. ७ जुलै १९४० रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात, डिंगल नावाच्या गरीब कामगार वस्तीत त्याचा जन्म झाला. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि लवकरच शहरावर बॉम्ब पडू लागले. तो तीन-चार वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आई एल्सी हिने धुणीभांडी केली, दारूच्या गुत्त्यात नोकरी केली आणि एकटीने मुलगा वाढवला. वडिलांच्या बाजूचे आजी-आजोबा मात्र नातवापासून तुटले नाहीत. आई कामावर गेली की तो त्यांच्याकडे असे.

सहा वर्षांचा असताना त्याचे अपेंडिक्स सुजले. शस्त्रक्रिया झाली, पण पोटात विष पसरले आणि तो काही दिवस बेशुद्ध होता. मुलगा हाती लागेल याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. तो वाचला, पण बरे व्हायला जवळजवळ वर्ष गेले आणि ते सारे वर्ष इस्पितळात, घरापासून दूर गेले. आठव्या वर्षी त्याला धड वाचता येत नव्हते. वर्गात बसले की आपण मागे पडलो आहोत हेच जाणवे, म्हणून तो शाळा चुकवून बागेत हिंडत राही. शेजारची एक मुलगी, त्याच्यापेक्षा थोडीच मोठी, आठवड्यातून दोनदा त्याला घरी बसवून शिकवू लागली. काही वर्षांत तो बराचसा सावरला. इतक्यात १९५३ साली, तेराव्या वर्षी, त्याला क्षयाने गाठले. पुन्हा इस्पितळ, आणि या वेळी जवळजवळ दोन वर्षे. तिथून परतल्यावर तो शाळेत गेलाच नाही.

ज्या मुलाची बालपणातली तीन वर्षे खाटेवर गेली, त्याच्या वह्या कोऱ्या राहणारच. आपल्याकडे अशा मुलाबद्दल 'अभ्यासात कच्चा' असा शेरा पडतो. शेरा लिहिणाऱ्या हातात आमचाही हात आहे.

वॉर्डात आलेली बाई

या कथेतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग क्षयरोग्यांच्या वॉर्डात घडतो. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या मुलांचे मन रमावे, हातपाय हलावेत म्हणून इस्पितळातल्या लोकांनी मुलांचा छोटा वाद्यमेळ उभा केला होता. अधूनमधून एक शिक्षिका वाद्यांची पेटी घेऊन येई. त्रिकोणी घंटा, डफ, झांजा, लहान ढोल. मुलांना सुरांची लिपी येत नव्हती, म्हणून तिने रंगीत ठिपके काढले. एका रंगाच्या ठिपक्यावर काठी ठेवली की ढोल वाजवायचा, दुसऱ्यावर ठेवली की झांज.

रिचीला ढोल हवा असे. ढोल दुसऱ्याला मिळाला तर तो वाजवायलाच तयार नसे. बाई गेल्यावरही त्याचे हात थांबत नसत. सुताच्या रिकाम्या रिळाची काठी करून तो खाटेशेजारचे कपाट बडवत बसे. आजी-आजोबांनी पूर्वी त्याला मँडोलिन आणि बँजो दिले होते. ते कोपऱ्यात पडून राहिले. हात गेला तो ढोलाकडेच.

त्या बाईने कुणालाही ड्रमर घडवायचे ठरवले नव्हते. तिला आजारी मुलांचा वेळ बरा जावा एवढेच हवे होते. पण तिने दोन गोष्टी बरोबर केल्या. मुलांना जे येत नाही त्यावर न अडता रंगीत ठिपक्यांची सोपी वाट काढली, आणि ज्याचा हात ज्या वाद्याकडे गेला ते त्याच्या हाती पडू दिले. बी.एड.ला आम्ही 'बालककेंद्री शिक्षण' हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या वॉर्डात अधिक चांगला कळतो.

सावत्र बाप आणि दहा पौंड

रिचीच्या आईने दुसरे लग्न केले. नवऱ्याचे नाव हॅरी ग्रेव्ह्ज. तो घरांना रंग देण्याचे काम करी. सावत्र बापाबद्दल आपल्याकडे आणि तिकडेही फारसे बरे बोलले जात नाही. हॅरी मात्र त्याला अपवाद होता. तो गाण्यांचा शौकीन होता, घरात तबकड्या आणी, पण 'हे ऐक, ते ऐकू नको' अशी सक्ती करीत नसे. पुढे आयुष्यभर रिंगोने त्याच्याबद्दल प्रेमानेच सांगितले.

इस्पितळातून परतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला शिक्षण नाही आणि अंगात ताकदही नाही. रेल्वेत निरोप्याचे काम मिळाले, पण वैद्यकीय तपासणीत तो नापास झाला. मग लिव्हरपूलहून उत्तर वेल्सला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर वेटर झाला. तेही टिकले नाही. १९५६ च्या मध्यास हॅरीने ओळखीने त्याला एका कारखान्यात उमेदवार म्हणून लावले. तिथे शाळांच्या व्यायामशाळांचे सामान बने. काही वर्षे काम शिकायचे, मग हाती कायमचा हुन्नर. गरिबाच्या घरी याहून मोठी गोष्ट ती कोणती?

त्या दिवसांत इंग्लंडमध्ये स्किफल नावाच्या गाण्याचे वेड होते. त्याला पैसे लागत नसत. एक स्वस्त गिटार, कपडे घासायची पत्र्याची फळी, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेले वाद्य, एवढ्यावर मैफल उभी राही. कारखान्यातले दोन मित्र गिटार वाजवत. जेवणाच्या सुट्टीत तळघरात जमून हे तिघे गाणी बसवू लागले. रिचीच्या हातात येईल ते वाद्य होई. कधी खोके, कधी खुर्चीची पाठ, कधी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. पुढे तीस शिलिंगांना त्याने एक जुना मोठा ढोल विकत घेतला.

१९५७ च्या नाताळात हॅरीने त्याला जुना ड्रमसेट आणून दिला. किंमत दहा पौंड. हॅरी लंडनकडे नातेवाइकांकडे गेला असताना त्याला तो मिळाला आणि एवढे धूड त्याने रेल्वेतून लिव्हरपूलपर्यंत वाहून आणले. घरांना रंग देणाऱ्या माणसाने सावत्र मुलासाठी केलेला हा खर्च आणि हा प्रवास आम्हाला फार मोठा वाटतो.

शिकला कुठे, शिकवले कुणी?

रिंगोला 'स्वतः शिकलेला' म्हणतात. ते खरेच आहे. एका माणसाकडे तो दोन-तीनदा धडे घ्यायला गेला, पण कागदावरची चिन्हे वाचून वाजवणे त्याला जमेना. ती लिपी तो पुढेही शिकला नाही. घरी सराव करावा तर एकमेकांना चिकटलेली छोटी घरे. मागच्या खोलीत सेट मांडून पहिल्यांदा वाजवला तेव्हा शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला. झाले, घरचा सराव तिथेच संपला.

मग तो शिकला कुठे? इतरांच्या सोबत वाजवताना. नवा सेट मिळून फार दिवस झाले नव्हते तोच तो मित्रांबरोबर लोकांसमोर बसला. सुरुवातीला सगळ्यांचा वेग सुटायचा. गाणे एका चालीने सुरू होई आणि धावत संपे. पण रोज चार माणसांत बसले की कानाला एक सवय लागते: गाणारा कुठे श्वास घेतो, गिटार कुठे घाई करते, कुठे आपण गप्प बसायचे. खोलीत एकटे बसून हात तयार होतात, पण कान तयार होतो तो सोबतीत. आपले पोहणेही असेच असते. विहिरीच्या काठावर बसून कुणी पोहायला शिकत नाही.

ड्रमसेट ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वाजवणारा स्टुलावर मधोमध बसतो. उजव्या पायाखालच्या पेडलने मोठा बेस ड्रम वाजतो. डाव्या पायाने हाय-हॅट म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा उघडतात-मिटतात. गुडघ्यांसमोर स्नेअर, त्याच्या पोटाशी तारा ताणलेल्या असल्याने तो आपल्या ताशासारखा कडक बोलतो. पुढे आणि बाजूला टॉम नावाचे घुमणारे ढोल, वर मोठ्या झांजा. दोन हात आणि दोन पाय चार वेगळी कामे करतात आणि चारही एकाच लयीत राहावे लागतात.

हा सगळा थाट उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला असतो. रिंगो जन्माने डावखुरा. लहानपणी आजीला डावखुरेपण अशुभ वाटे, म्हणून तिने त्याला उजव्या हाताने लिहायला लावले होते. आपल्या घरांतही डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाला टोकतातच. सेटवर बसल्यावर मात्र त्याचा डावा हातच आधी धावे. मांडणी उजव्यांची आणि पुढाकार डाव्या हाताचा, त्यामुळे एका ढोलावरून दुसऱ्यावर जाताना त्याला जरा अडखळून, उलट्या वाटेने जावे लागे. गाण्याच्या दोन ओळींमधली जागा भरणारे त्याचे तुकडे त्यामुळेच इतरांपेक्षा वेगळे वाटू लागले. त्याची अडचण हीच त्याची ओळख झाली. आजही चांगले चांगले ड्रमर म्हणतात, की त्याचे तुकडे ऐकायला सोपे आणि हुबेहूब वाजवायला कठीण.

जुना सेट अपुरा पडू लागल्यावर त्याला नवा हवा होता. आजोबांकडून त्याने ४६ पौंड उसने घेतले आणि पगारातून दर आठवड्याला एक पौंड याप्रमाणे फेडले. आजोबांनी पैसे दिले, नातवाने शब्द पाळला. या व्यवहारातली दोन्ही माणसे आम्हाला आवडतात.

पक्की नोकरी की कच्चा रस्ता?

१९५९ च्या अखेरीस रिची 'रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स' या मंडळीत सामील झाला. लिव्हरपूलमध्ये त्यांचे नाव होते. दिवसा कारखाना, रात्री कार्यक्रम, असे काही महिने चालले. १९६० च्या उन्हाळ्यात मंडळीला वेल्समधील बटलिन्स या सुट्टीच्या वसाहतीत तीन महिन्यांचे काम मिळाले. जायचे तर उमेदवारी सोडावी लागणार होती, आणि ती पुरी होण्याच्या बेतात आली होती.

घरात काय झाले असेल हे आपल्याला सांगायला नको. नातेवाईक जमले, समजूत घालू लागले. वाजवणे छंद म्हणून ठीक आहे, पण हातचा हुन्नर सोडून कुणी जाते का? त्यांचे चुकले होते असे आम्ही म्हणणार नाही. दोनदा मरता मरता वाचलेल्या मुलाला पक्की भाकरी मिळावी असेच त्यांना वाटत होते. रिचीही लगेच तयार झाला नाही, तो घुटमळला. पण तोवर त्याने तीन वर्षे रात्री जागून काम केले होते, त्याच्या हाताला गिऱ्हाईक होते आणि वाजवण्यातून पैसे येत होते. त्याने रिकाम्या हाताने उडी घेतली नव्हती. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगताना हा भाग गाळू नये.

बोटांतल्या अंगठ्यांमुळे 'रिंग' आणि आडनाव आखडून 'स्टार', असे रिंगो स्टार हे नाव त्याच काळात पक्के झाले. त्याच वर्षी शरद ऋतूत मंडळी जर्मनीतील हँबर्गला गेली. तिथल्या बंदरातल्या क्लबांत रोज रात्री तासन् तास वाजवावे लागे. समोर दारू प्यालेले खलाशी, हवा धुराने कोंदलेली. वातावरण चांगले नव्हते, पण मेहनत खरी होती. कॉलेज न पाहिलेल्या मुलांचे कॉलेज ते. तिथेच लिव्हरपूलच्याच दुसऱ्या एका मंडळीशी त्याची ओळख झाली. त्यांचे नाव बीटल्स.

नोकरी मिळाली आणि पहिलाच अपमान

ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्सनी आपला जुना ड्रमर पीट बेस्ट याला काढले आणि रिंगोला बोलावले. पगार आठवड्याला २५ पौंड. १८ ऑगस्टला तो त्यांचा कायमचा ड्रमर म्हणून पहिल्यांदा बसला. जुन्या ड्रमरचे चाहते खवळले होते. ते कार्यक्रमात रिंगोच्या विरोधात घोषणा देत.

खरा घाव त्यानंतर बसला. ४ सप्टेंबरला लंडनच्या स्टुडिओत त्यांच्या पहिल्या गाण्याचे रेकॉर्डिंग झाले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे समाधान झाले नाही. आठवड्याने, ११ सप्टेंबरला, रिंगो स्टुडिओत पोचला तर त्याच्या जागी अँडी व्हाइट नावाचा व्यावसायिक ड्रमर बसलेला. रिंगोच्या हातात खंजिरी दिली गेली, दुसऱ्या गाण्याला खुळखुळे. बावीस वर्षांचा तरुण, उमेदवारी सोडून आलेला, सगळ्यांसमोर खुळखुळा वाजवत उभा. गंमत अशी की, त्या गाण्याची जी तबकडी ऑक्टोबरमध्ये प्रथम बाजारात आली तिच्यावर रिंगोचेच वादन होते. जॉर्ज मार्टिन यांनी पुढे त्याची अनेकदा माफी मागितली. रिंगोच्या मनातून मात्र तो दिवस वर्षानुवर्षे गेला नाही. पण तो उठून गेला नाही, भांडला नाही. पुढच्या रेकॉर्डिंगला तो पुन्हा आपल्या स्टुलावर होता.

पुढचे जगाला ठाऊक आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले. रिंगोच्या ढोलावर लुडविग या अमेरिकन कंपनीचे नाव होते. त्या रात्रीनंतर कंपनीला मागणी पुरवता पुरवता नाकी नऊ आले. हजारो मुलांनी त्याला पाहून काठ्या हाती घेतल्या.

मागे बसणाऱ्याचे मोल

इतके नाव होऊनही रिंगोने एकट्याने मिरवण्याचा हट्ट धरला नाही. त्या काळी ड्रमरने मध्येच सगळ्यांना थांबवून पाच-पाच मिनिटे एकट्याने वाजवण्याची रीत होती. त्याला ती आवडत नसे. बीटल्सच्या साऱ्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचे स्वतंत्र वादन एकदाच येते, १९६९ च्या 'ॲबी रोड'मध्ये, आणि तेही थोडा वेळ. गाणाऱ्याचे शब्द चालू असताना तो साधा ठेका धरी, शब्द थांबले की आपले बोल टाकी. त्याची लय घड्याळासारखी पक्की होती. बीटल्सचे इतिहासकार मार्क लुईसन यांनी त्या काळच्या टेप्स ऐकल्या. रिंगोच्या चुकीमुळे रेकॉर्डिंग मोडल्याचे प्रसंग त्यांना अगदी थोडे आढळले.

असा माणूसही खचला. ऑगस्ट १९६८ मध्ये, आपण नीट वाजवत नाही आणि हे तिघे आपल्याला परके समजतात असे वाटून तो मंडळी सोडून गेला. दोन आठवड्यांनी बाकीच्यांनी आग्रह करून बोलावले. परतला तर त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवलेला होता. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ड्रमरलाही 'तू आम्हाला हवा आहेस' हे ऐकावे लागले. शेवटच्या बाकावरच्या मुलाला ते किती हवे असेल!

आपल्या मातीशी दोन गाठी

रिंगोचा भारताशीही संबंध आला. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला आले होते. लहानपणीच्या आजारांनी त्याचे पोट नाजूक झाले होते, म्हणून त्याने शिजवलेल्या घेवड्याचे डबे बरोबर आणले होते. सुमारे दहा दिवसांत तो परत गेला.

दुसरी गाठ अधिक मोलाची आहे. पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या मदतीसाठी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी कार्यक्रम केला. त्यात सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. त्याच मंचावर त्याच दिवशी ड्रमवर रिंगो स्टार होता.

उस्ताद अल्लारखा जम्मूकडच्या एका गावचे. तबल्याच्या ओढीने ते लाहोरला मियाँ कादिर बख्श यांच्याकडे गेले, त्यांचे शागिर्द झाले आणि नंतर मुंबईत स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव झाकिर हुसेन माहीममध्ये वाढले आणि वडिलांच्या तालमीत तयार झाले. पहाटे तीन वाजता उठून वडिलांपुढे बसल्याच्या आठवणी ते सांगत. एकीकडे पिढ्यान् पिढ्यांची घराण्याची शिस्त, उस्तादाचा हात डोक्यावर. दुसरीकडे बिस्किटाचा डबा, तळघर आणि ओरडणारे शेजारी. दोन वाटा इतक्या निराळ्या, तरी एका मंचावर पोचल्या. मेहनतीला दोन्हीकडे सूट नव्हती.

उतार आणि सावरणे

ही हकीकत इथे संपवली तर ती अर्धी राहील. १९७० मध्ये बीटल्स फुटले. नाव होते, पैसा होता, पण हाताला नेमाचे काम उरले नाही. रिंगो दारूच्या पूर्ण आहारी गेला. कितीतरी वर्षे अशी वाया गेली, की त्यातले फारसे त्याला आठवतही नाही. हँबर्गच्या रात्री ज्या वातावरणात गेल्या त्याचाही यात वाटा असणारच. आपल्याकडे दारू हराम आहे. ती का, हे समजवायला अशी उदाहरणे पुरेशी आहेत. इतके कसब असलेला माणूसही तिच्यापुढे टिकला नाही.

१९८८ मध्ये तो आणि त्याची पत्नी बार्बरा दोघे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. तेव्हापासून त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. पुढच्याच वर्षी त्याने नवी मंडळी बांधली आणि पुन्हा गावोगाव कार्यक्रम सुरू केले. २०१८ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने त्याला 'सर' हा किताब दिला. ऐंशी ओलांडल्यावरही सर रिंगो स्टार मंचावर उभे राहतात. आठव्या वर्षी धड वाचता न येणारे, तेराव्या वर्षी क्षयाने खाटेवर पडलेले तेच ते रिची.

आपण काय घ्यावे?

प्रत्येक मूल रिंगो होत नाही. लिव्हरपूलमध्ये त्या काळी शेकडो मुले ढोल बडवत होती आणि बहुतेकांनी पुढे साधी नोकरी केली. म्हणून कुणी ही गोष्ट वाचून मुलाची शाळा सोडवू नये. रिंगोने शाळा सोडली नव्हती, आजाराने ती त्याच्याकडून हिरावली होती.

आमचे म्हणणे वेगळे आहे. रिंगोला कुणी शिकवले नाही, पण त्याच्यासाठी पुष्कळांनी काही ना काही केले. शेजारच्या मुलीने अक्षरे दिली. वॉर्डातल्या बाईने ढोल दिला. सावत्र बापाने दहा पौंड आणि रेल्वेचा प्रवास दिला. आजोबांनी कर्ज दिले आणि फेडायची सवयही लावली. यातले काहीही आपल्या ऐपतीबाहेरचे नाही. मुलाचा हात कशाकडे जातो, सुईकडे, स्क्रू-ड्रायव्हरकडे, खडूकडे की तव्याकडे, हे पाहायला पैसे पडत नाहीत. पाहिल्यावर त्याला ती वस्तू थोडा वेळ हाती द्यावी, चार जणांत काम करू द्यावे, आणि पक्के काम सोडायची वेळ आलीच तर आधी हाताला गिऱ्हाईक आहे का ते विचारावे.

घरात लांबच्या आजारातून उठलेले मूल असेल तर त्याच्या बुडालेल्या अभ्यासाची चौकशी शाळेत जाऊन करावी. शिक्षकांनी बोलावण्याची वाट पाहू नये. आणि आम्ही शिक्षकांनी अशा मुलाच्या घरी एकदा जाऊन थांबू नये. दुसऱ्यांदा जावे, तिसऱ्यांदाही जावे.

बाक वाजवणारा तो मुलगा आता मोठा झाला असेल. परवा त्याच्या मोहल्ल्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे आम्ही त्याची चौकशी केली आहे. पत्ता मिळाला की, इन्शाअल्लाह, जाऊन भेटायचे ठरवले आहे. उशीर फार झाला, पण निदान त्या दिवशी त्याला बाहेर का उभे केले याची माफी तरी मागता येईल.